आधी उजवा हात, मग कॉर्ड

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मे महिन्याच्या सुट्टीत घरात आलेली गिटार गणेश चवथीपर्यंत कपाटावर चढते, हे गोव्यात नवे नाही. बोटे दुखली, अभ्यास वाढला, गोडी राहिली नाही, अशी कारणे सांगितली जातात. ती खोटी नसतात, पण घोडे पेंड खाते ते दुसरीकडेच. नवशिक्याला पहिल्या दिवसापासून डाव्या हाताचे धडे मिळतात: सी कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा गुच्छ) कशी धरायची, जी कशी, कुठले बोट कुठल्या तारेवर. तारा छेडणारा उजवा हात ‘येईल आपोआप’ म्हणून सोडून दिलेला असतो. तो आपोआप येत नाही. दोन महिन्यांनी पोराला आठ कॉर्ड येतात आणि एकही गाणे लयीत वाजवता येत नाही.

फोंडा परिसरात गिटार शिकवणाऱ्या आम्ही काही जणांनी मिळून हे पत्र लिहिले आहे. क्लासला जाणाऱ्यांना, मोबाइलवर बघून शिकणाऱ्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना उपयोगी पडावे एवढाच हेतू. पत्र लांबले आहे, याची कल्पना आहे. काटछाट करायची झाली तर पावसाळ्याचा भाग उडवावा, केरवा या तालाचा ठेवावा.

कारण गोव्यातल्या मराठी घरातल्या मुलाकडे एक भांडवल आधीच असते आणि क्लासमध्ये ते कुणी विचारत नाही. चवथीच्या आरतीला घुमट, शामेळ ही चर्मवाद्ये आणि कासाळे ही मोठी झांज यांच्या गराड्यात बसलेल्या मुलाला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते हे शिकवावे लागत नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. त्या वाद्याचा गिटारच्या क्लासशी काही संबंध असेल असे मात्र कुणाच्या मनात येत नाही. संबंध सरळ आहे. भजनातला केरवा आठ मात्रांचा: धा गे ना ती, न क धी ना. इंग्रजी गाण्यातले नेहमीचे आवर्तन चार ठोक्यांचे, प्रत्येक ठोक्याचे दोन भाग, म्हणजे मात्रा आठच. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेला हात खाली, बाकीच्या चारांना वर. धा खाली, गे वर, ना खाली, ती वर, न खाली, क वर, धी खाली, ना वर. स्ट्रमिंगचे, म्हणजे एका झोकात तारा छेडण्याचे, बहुतेक प्राथमिक प्रकार या आठ हालचालींतून दोन-तीन ठिकाणी तारा चुकवून तयार होतात.

चुकवायची ती तार, हालचाल नव्हे. ही एक गोष्ट नीट समजली नाही की पुढचे सगळे बिघडते, म्हणून तिच्याकडे पुन्हा येऊ. आधी हात आणि पिक.

पिक म्हणजे तारा छेडायचा तो प्लास्टिकचा तिकोनी तुकडा. दुकानात जे हाताला लागेल ते उचलू नये, त्यावर जाडी छापलेली असते. नवशिक्याने स्ट्रमिंगसाठी ०.६० ते ०.७३ मिलिमीटरचे घ्यावे. एक मिलिमीटरच्या पुढचे पिक वाकत नाही, आणि अजून हात हलका झालेला नसल्याने ते तारेत अडकते. अडकले की मनगट झटका देते आणि त्या झटक्यात लय जाते. अगदी पातळ, ०.४६ चे पिक अडकत नाही, पण तारांवर पत्ते पिसल्यासारखा फटफट आवाज करते. तर्जनी थोडी वाकवावी, पिक तिच्या पहिल्या पेऱ्याच्या कडेवर आडवे ठेवावे आणि वरून अंगठा टेकवावा. टोक बाहेर चार-पाच मिलिमीटर, त्यातले तारांच्या आत जायचे जेमतेम दोन-तीन. पकड चिमूटभर मीठ धरल्यासारखी. आपल्याकडच्या दमट हवेत पिक घामाने फिरते, मग मूल ते घट्ट आवळते, दंड ताठतो आणि पाच मिनिटांत हात भरून येतो. घट्ट धरण्याऐवजी पिकच्या दोन्ही बाजू बारीक पॉलिश पेपरवर घासून खरखरीत कराव्यात. खरखरीत पृष्ठभागाची पिकही मिळतात. नायलॉन तारांच्या गिटारवर पिक वापरूच नये, अंगठा आणि तर्जनीचे नख पुरते.

गिटार मांडीवर आणि छातीशी टेकून राहिली पाहिजे. डावा हात सोडून बघावा. गिटारची मान खाली झुकली तर मुलाचा डावा हात गिटार उचलण्यातच गुंतलेला आहे, तो कॉर्ड काय बदलणार? उजव्या हाताचा कोपराखालचा भाग गिटारच्या वरच्या कडेवर अलगद विसावतो. हालचाल मुख्यतः कोपरातून होते आणि मनगट तिच्यासोबत सैल फिरते. हात धुतल्यावर बोटांवरचे पाणी झटकतो, तशी. नुसत्या मनगटाने वाजवणाऱ्याचा हात थकतो, आणि नुसत्या कोपराने वाजवणारा कुऱ्हाड चालवत असल्यासारखा दिसतो व ऐकूही तसाच येतो. हाताची फेर सहा तारांच्या रुंदीपेक्षा वर-खाली दोन-दोन बोटे जास्त, एवढीच. तारा छेडायच्या त्या गोल भोकाच्या आसपास. ब्रिजकडे (तारा फळीला जिथे अडकवलेल्या असतात तिकडे) सरकले की आवाज पत्र्यासारखा कडक येतो, मानेकडे सरकले की गोल आणि मऊ.

वर जाणाऱ्या हाताचे एक गुपित आहे, ते क्लासमध्येही क्वचित सांगतात. खाली जाताना कॉर्डच्या सगळ्या तारा वाजाव्यात, पण वर येताना फक्त खालच्या तीन, फार तर चार बारीक तारा. नवशिका वर येतानाही सहाच्या सहा तारा पकडायला बघतो, जाड तारांवर पिक अडखळते आणि ‘मला अप-स्ट्रोक जमत नाही’ असा समज होतो. वर येताना पिकचे टोक किंचित जमिनीकडे झुकलेले असावे, खाली जाताना किंचित छताकडे. म्हणजे पिक तारेला नांगरासारखे न घुसता तिच्यावरून घसरते.

आता पहिल्या दहा दिवसांचा धडा. यात कॉर्ड नाही. डाव्या हाताची चार बोटे तिसऱ्या-चौथ्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) आसपास तारांवर नुसती टेकवावीत, दाबू नयेत. तारा मुक्या होतात आणि स्वराऐवजी ‘चक् चक्’ असा आवाज येतो. एकाच बोटाने हे करू नये. पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर एकच बोट हलके टेकले तर घंटेसारखे स्वर उमटतात आणि मुलाला वाटते काही तरी बिघडले. मोबाइलवर फुकट मिळणारा, ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला ६० वर लावावा. दर ठोक्याला हात खाली, ठोक्यांच्या मधोमध वर. पहिले दोन दिवस खाली जातानाच तारांना स्पर्श करावा, वर येताना हात तारांपासून थोडा दूर ठेवून नुसता न्यावा. तोंडाने बोल मोठ्याने म्हणायचे. मनातल्या मनात म्हटलेले बोल हातासोबत थांबतात, मोठ्याने म्हटलेले थांबत नाहीत. पायाचा चवडा हाताबरोबर खाली जायला हवा. पाय एकीकडे, हात दुसरीकडे चालत असेल तर मेट्रोनोम बंद करून फक्त पाय आणि बोल यांवर दोन मिनिटे काढावीत.

तिसऱ्या दिवसापासून वर येतानाही तारा छेडाव्यात, आठही मात्रा. एकसारखे सोळा आवर्तन न अडखळता झाले की मेट्रोनोम पाचने वाढवावा. ६० वरून ८० वर आठवड्याभरात गेले तरी खूप. मुलांना साठची लय कंटाळवाणी वाटते आणि ती एकदम १२० वर उडी मारतात. संथ लय अवघड असते, कारण दोन ठोक्यांमधल्या मोकळ्या जागेत हात लपवता येत नाही, हे तबलजींना वेगळे सांगायला नको.

हात असा चालू लागला की एक-एक मात्रा गाळायची. पहिला प्रकार, नुसते चार खाली: धा, ना, न, धी. दुसरा, धा – ना ती, न – धी ना. म्हणजे खाली, खाली-वर, खाली, खाली-वर. यात गे आणि क तारांना न लागता जातात. तिसरा, धा – ना – न क धी –, यात फक्त पाचव्या मात्रेनंतरचे वर येणे वाजते आणि शेवटचा हात हवेत जातो. संथ गाण्यांना तो शोभतो. या तीन प्रकारांवर महिना काढला तरी हरकत नाही.

मोबाइलवर शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी भेटतो तो मात्र चौथा: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. शेकडो गाण्यांना चालतो म्हणून सगळे तोच दाखवतात आणि नवशिके त्यावरच आपटतात. त्याचे बोल मांडून बघा: धा – ना ती, – क धी ना. गे गाळला आहे आणि न गाळला आहे. गे गाळणे सोपे, तो वर येणारा हात आहे. अडचण न मध्ये आहे. चौथी मात्रा ती, हात वर येताना वाजली. सहावी मात्रा क, तीही वर येतानाच वाजायची. दोन ‘वर’ लागोपाठ. कागदावर बाण बघून शिकणारा पहिल्या ‘वर’नंतर हात वरच थांबवतो, कारण पुढचा बाणही वरचा आहे. मग त्याच्या लक्षात येते की वर जायला आधी खाली यावे लागेल. तो घाईघाईत हात खाली टाकतो, क लवकर वाजतो, धी त्याच्या मागे धावतो आणि आवर्तन सात मात्रांत संपते. लय पळाली असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पाचवी मात्रा कुणी तरी खाल्लेली असते.

उपाय एकच: न म्हणायचा, मोठ्याने म्हणायचा आणि त्या अक्षरावर हात पूर्ण खाली न्यायचा, तारांपासून बोटभर अंतर ठेवून. चार दिवस हा ‘न’ मुद्दाम जोरात म्हणावा, हाताला तिथे काही तरी करायचे आहे हे पटेपर्यंत. समोरून बघणाऱ्याला आठ हालचाली दिसल्या पाहिजेत, ऐकणाऱ्याला सहा आघात ऐकू आले पाहिजेत. आईवडिलांना गिटार येत नसली तरी ही तपासणी करता येते. डोळ्यांनी आठ मोजा, कानांनी सहा. हात मध्येच लटकलेला दिसला तर मुलाला सांगा, न राहिला.

बाणांविषयी एक सावधगिरी. इंटरनेटवरच्या टॅबमध्ये, म्हणजे गिटारच्या लिपीत, सहा तारांच्या सहा आडव्या रेघा असतात आणि सगळ्यात खालची रेघ ही सगळ्यात जाड तार. गिटार मांडीवर घेतल्यावर मात्र जाड तार वर, छताकडे असते. त्यामुळे टॅबच्या रेघांवर काढलेला वरच्या दिशेचा बाण पुष्कळदा जाड तारेकडून बारीक तारेकडे, म्हणजे हात खाली, असे सांगत असतो. नुसत्या अक्षरांबरोबर छापलेले बाण मात्र हाताचीच दिशा दाखवतात. बाण बघून उलटे शिकलेल्या मुलाचा सगळा ठेका ‘वर’पासून सुरू होतो आणि तो सुधारायला शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. खात्री करायची सोपी खूण: पहिल्या ठोक्यावर, समेवर, हात जवळजवळ नेहमी खालीच जातो. ज्या घरांत व्हायोलिन, आपल्याकडचे रेबेक, शिकले जाते तिथे आणखी सोपे. गजाची खूण आणि पिकची खूण एकच: खालून उघडी चौकट म्हणजे खाली, इंग्रजी व्ही म्हणजे वर.

दहा दिवसांनी कॉर्ड. ई मायनर आणि ए मायनरपासून सुरुवात करावी, मग सी, जी, डी. ई मायनर आणि जी यांच्या सहाही तारा वाजतात, सी आणि ए मायनरच्या पाच, डीच्या चार. डी वाजवताना सहावी, सगळ्यात जाड तार लागली की आवाज गढूळ होतो. पण नेम धरण्याच्या नादात हात आखडण्यापेक्षा सुरुवातीला थोडा गढूळ आवाज परवडला. पुढे डाव्या अंगठ्याचे टोक मानेवरून त्या तारेला टेकवून ती मुकी करता येते.

ठेका आणि कॉर्ड एकत्र कधी करायचे, याचे गणित आहे. ६० च्या लयीत चार ठोक्यांचे आवर्तन असते, म्हणजे मिनिटाला पंधरा आवर्तने. दर आवर्तनाला कॉर्ड बदलत असेल तर मिनिटाला पंधरा बदल. म्हणून आधी उजवा हात बाजूला ठेवून घड्याळ लावावे आणि ई मायनर ते ए मायनर असे बदल एका मिनिटात किती होतात ते मोजावे. तीस झाले की ठेक्यासोबत पंधरा निभावतील. वीसच होत असतील तर ठेक्यात घालायची घाई करू नये. प्रत्येक जोडी वेगळी मोजावी लागते. सी ते जी या बदलाला दुप्पट दिवस लागणे अगदी स्वाभाविक आहे.

तरीही सुरुवातीला डावा हात मागे पडणारच. अशा वेळी नवशिक्याचा उजवा हात शिष्टाचाराने थांबून डाव्याची वाट बघतो. ही सवय लागू देऊ नये. कॉर्ड अर्धवट धरली गेली, दोन तारा खरखरल्या, तरी उजव्याने चालत राहावे आणि डाव्याने जमेल तिथे येऊन मिळावे. चुकलेला स्वर ऐकणारा विसरतो, गळालेली मात्रा त्याच्या पायाला जाणवते. आठवी मात्रा, शेवटचा ना, डावी बोटे उचललेली असताना मोकळ्या तारांवर वाजली तर ती चूकही नाही. चांगले वाजवणारेही तेच करतात, कान देऊन ऐकावे. मुलाला हे सांगितले की त्याचा निम्मा ताण जातो.

आता जोर कुठे द्यायचा ते. आठही आघात सारखे वाजवले की शिवणयंत्र चालल्यासारखे वाटते. भजनावर पोसलेल्या मुलाचा जोर समेवर, धा वर जातो. पाश्चात्त्य ढंगाच्या बहुतेक गाण्यांत तो दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असतो, ड्रमवाला तिथेच स्नेअर वाजवतो. केरव्याच्या भाषेत ही तिसरी आणि सातवी मात्रा, म्हणजे पहिला ना आणि धी. पोराची गिटार लयीत असूनही ‘गाण्यासारखी वाटत नाही’ अशी तक्रार आली तर बहुधा जोर चुकीच्या मात्रेवर पडतो आहे. जोर म्हणजे हात उंचावरून आपटणे नव्हे. हात थोडा लवकर निघून तारांवरून वेगाने जातो आणि बाकीचे आघात दोन-तीन तारांपुरते हलके ठेवले की तो उठून दिसतो. उलट आरतीला साथ करायची असेल तर जोर पुन्हा धा वर आणावा.

सहा मात्रांचे काय, हा प्रश्न गोव्यात टाळता येत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये वॉल्ट्झ, भजनात दादरा, मांडो हे कोंकणी गीत संथ सहाचे आणि त्याच्या शेपटीला येणारे दुलपद हे गाणे चपळ. संथ लयीत सोपे आहे: दादऱ्याच्या प्रत्येक मात्रेला हात खाली आणि मात्रांच्या मध्ये वर. धा खाली, धी खाली-वर, ना खाली-वर. पुढचे धा ती ना तसेच. वॉल्ट्झही असाच, तीन-तीनच्या घरात. लय वाढली की हा हात पुरत नाही, मग प्रत्येक मात्रेला एकच हालचाल करावी लागते: धा खाली, धी वर, ना खाली आणि दुसरा धा? तो येतो वर. जोराची मात्रा आणि हात वर जाणारा, दुबळा. काही शिक्षक इथे खाली-वर-खाली, खाली-वर-खाली असे शिकवतात; जोर नीट पडतो, पण तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेच्या मध्ये हात परत आणायची घाई होते आणि आठ मात्रांवर बसवलेली झोक्याची शिस्त मोडते. आमच्यातही यावर एकमत नाही. एवढ्यावर मात्र आहे की पहिल्या तीन महिन्यांत चपळ सहाच्या वाटेला जाऊ नये. दुलपद ऐकावे, टाळी द्यावी, वाजवायची घाई नको.

घरच्या आरतीला किंवा भजनाला साथ करायची हौस असेल तर पेटीच्या पट्टीशी जमवावे लागते. गाणारे ‘काळी एक’ म्हणतात आणि मूल गोंधळते. पेटीची पांढरी एक म्हणजे सी. काळी एकसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून सीच्या कुटुंबातल्या कॉर्ड धराव्यात, काळी दोनसाठी तिसऱ्या फ्रेटवर. किंवा पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि डीचे कुटुंब. बारच्या, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या, कॉर्ड फारशा लागत नाहीत. गिटार मोबाइलच्या ट्यूनरला न लावता पेटीला लावावी. जुन्या पेटीच्या पत्त्या थोड्या उतरलेल्या असू शकतात, त्या काही आरतीच्या आधी लावून होत नाहीत, गिटारच्या खुंट्या फिरतात. घुमटाचा आवाज असताना गिटारवाल्याने आठही मात्रा वाजवायच्या नसतात. चार खाली वाजवले तरी पुरे, उरलेले घुमट भरते.

गिटारच्या दुरुस्तीकडेही बघावे लागते, कारण ती शेवटी उजव्या हातावरच येते. बाराव्या फ्रेटवर सहावी तार आणि फ्रेट यांच्यातले अंतर पट्टीने मोजावे. अडीच मिलिमीटरच्या आसपास ठीक. साडेतीनच्या पुढे असेल तर तारा दाबायला बराच जास्त जोर लागतो, कॉर्ड उशिरा बदलते आणि उजवा हात थांबायला शिकतो. ब्रिजवरची पांढरी पट्टी, सॅडल, खालून घासून हे कमी करता येते. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर उतरवायचे तर सॅडल सुमारे दोन मिलिमीटर घासावे लागते, म्हणून हे काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे. एकदा जास्त घासले की नवी पट्टी घालावी लागते. स्टीलच्या तारांचा सेट ‘दहाचा’ मागावा, म्हणजे पहिली तार ०.०१० इंच, पाव मिलिमीटर. नव्या गिटारवर बहुधा याहून जाड सेट असतो. दहा वर्षांखालच्या मुलाला पूर्ण आकाराची गिटार घेऊ नये. उजवा खांदा वर चढतो आणि कोपरातली हालचाल मोकळी राहतच नाही.

आणि पावसाळा. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आपल्याकडे जूनपासून ती याच्या कितीतरी वर असते. लाकूड ओल पिते, पुढची फळी फुगते, तिच्यासोबत ब्रिज उचलतो आणि मे महिन्यात बरी वाटलेली गिटार जुलैत कडक लागते. मुलाला वाटते आपलीच बोटे कमजोर. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून गिटार ठेवू नये, ती भिंत पावसात ओल धरते. आतल्या भिंतीशी, केसमध्ये, सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसोबत ठेवावी. पुड्या ओलावल्या की बदलाव्यात. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कपड्याने तारा वरून आणि खालूनही पुसाव्यात. किनारपट्टीवर तारा दोन-तीन महिन्यांत गंजतात. गंजलेल्या तारेवर पिक घसरत नाही, खरवडते, आणि बोटेही सोलतात.

रोज पंधरा-वीस मिनिटे पुरतात, पण रोज. त्यातली पहिली पाच मिनिटे मुक्या तारांवर केरवा, वाजवायला लागून वर्ष झाले तरी. रविवारी दोन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही. बोटांना घट्टे पडायला दोन-तीन आठवड्यांचा नियमित स्पर्श लागतो आणि मध्ये मोठा खंड पडला की कातडी पुन्हा मऊ पडते. आठवड्यातून एकदा मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकावे. वाजवताना न कळलेली पळती लय तिथे स्पष्ट ऐकू येते. डावखुऱ्या मुलांनी हे सगळे उजवे-डावे बदलून वाचावे.

शाळांतल्या संगीत शिक्षकांना एक विनंती. तबल्याचा आणि गिटारचा वर्ग एकाच वेळी, शेजारच्या खोल्यांत चालत असेल तर महिन्यातून एकदा दोन्ही एकत्र बसवावेत. तबल्यावर साधा केरवा, समोर दहा मुक्या गिटारी. पाचवी मात्रा कुणी खाल्ली ते लगेच कळते.

पिक मात्र एकदम सहा घ्यावीत. ती हरवतात आणि त्यातली दोन तरी गिटारच्या पोटात जातात. तिथले काढायला गिटार उलटी धरून झाडत बसू नये, अर्धा तास जातो. भोक वर करून गिटार आडवी धरावी, हलवत हलवत पिक भोकाच्या बरोबर खाली आणावे आणि मग एका झटक्यात गिटार पालथी करावी.

आपले,
फोंडा परिसरातील काही गिटार शिक्षक